कंपनी दुष्ट असू दे, पण तिचा हिशेब जुळू दे: कथेतली खलनायक संस्था पटेल अशी कशी लिहावी

कथेच्या विसाव्या पानावर कंपनीचा मालक काचेच्या केबिनमध्ये उभा राहतो, खाली पसरलेल्या शहराकडे बघतो आणि म्हणतो, "उद्या सकाळपर्यंत यातलं कुणी उरणार नाही." मॅनेजर चाचरत विचारतो, "पण साहेब, का?" मालक हसतो आणि मॅनेजरला गोळी घालतो. इथे मी हस्तलिखित मिटतो. खरेदी खात्यात नोकरी केलेल्या माणसाला गोळीचं काही वाटत नाही, भलतेच प्रश्न पडतात. मॅनेजरच्या सहीचे अधिकार आता कुणाकडे? महिनाअखेरीला पगार कोण काढणार? आणि त्या जागेची जाहिरात दिली तर अर्ज कोण करणार?

बडोद्यात आमच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी मंडळींत लिहिणाऱ्यांची वाण नाही. दिवाळी अंकांच्या स्पर्धा आल्या की "जरा नजर टाका हो" म्हणून कथा येतात, आणि हल्ली त्यांतल्या निम्म्यांत एक हुकूमशाही सरकार किंवा जग गिळायला निघालेली कंपनी असते. विषय चांगला आहे. अडचण अशी की त्या सरकारात कुणी काम करत नाही आणि त्या कंपनीत कुणी हिशेब ठेवत नाही. दुष्टपणा हेच त्यांचं उत्पादन आणि दुष्टपणा हाच नफा.

खऱ्या जगातल्या सरकारांनी आणि कंपन्यांनी याहून मूर्ख गोष्टी केल्या आहेत, हे मला मान्य. पण त्या प्रत्येक मूर्खपणामागे कुणाचा तरी फायदा, कुणाची तरी बढती किंवा कुणाची तरी भीती सापडते. ती शोधून कथेत कशी आणायची, ते खाली पायरीपायरीनं दिलं आहे. सोबत एक नमुना कथा घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

नमुना कथा

पाणी विकणाऱ्या एका कंपनीला बडोदं मुठीत घ्यायचं आहे. ती रात्री विश्वामित्री नदीत विष कालवते. शहर तहानेनं तडफडतं, कंपनी चढ्या भावानं बाटल्या विकते आणि शेवटी नायक कंपनीचा मुख्य सर्व्हर उडवून देतो.

पायरी १: पैसे कोण देणार, ते आधी लिहा

त्याच्याही आधी नकाशा उघडा. बडोद्याच्या नळाला पाणी येतं ते आजव्याच्या तलावातून आणि मही नदीतल्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे पात्रात खोल उतरवलेल्या विहिरींतून. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीचं पाणी पिण्याचं धाडस कुणी करत नाही. तिच्यात विष ओतलं तर मरतील मगरी, आणि मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी वनखातं दारात. म्हणजे कंपनीनं शहराला तहानलेलं ठेवलंच नाही, उलट स्वतःवर गुन्हा ओढवून घेतला.

समजा विष आजव्यात पडलं. आता कागद घ्या. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सोळा लाखांच्या वर होती. माणशी फक्त पिण्यापुरतं तीन लिटर धरलं, तरी रोज अठ्ठेचाळीस लाख लिटर. वीस लिटरचे जार धरले तर दोन लाख चाळीस हजार जार. एका टेम्पोत शंभर मावतात असं मानलं तर चोवीसशे खेपा, रोज. एवढे टेम्पो कंपनीनं आधीच उभे केले असतील तर ते कुठे लावले होते? चालकांना काय सांगितलं होतं? आणि तिसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्याखाली टेम्पो आणि जार दोन्ही ताब्यात घेतील, भाव ठरवून देतील. एवढी माणसं मारून कंपनीच्या पदरात काय पडलं? सरकारी भावाचं बिल, तेही दोन वर्षांनी मंजूर होणारं.

लोभी कंपनी हे करणार नाही. ती पाणीपुरवठ्याच्या देखभालीचं वीस वर्षांचं कंत्राट घेईल, निविदा सगळ्यात कमी भरेल आणि मग दुरुस्त्या लांबवत जाईल. पाणी विषारी होणार नाही, फक्त भरवशाचं राहणार नाही. कधी पिवळट, कधी तिसऱ्या मजल्यावर चढणार नाही असं. बाटल्यांचा कारखाना मेव्हण्याच्या नावावर असेल आणि टँकर चुलतभावाच्या. या योजनेत कुणी कुणाला मारायला निघालेलं नाही, म्हणूनच ती जास्त भयंकर आहे. शिवाय तिच्यात दहा प्रकरणं भरतील इतकी माणसं आहेत.

इथे कुणी तरी म्हणेलच की खऱ्या कंपन्यांनी आपलं गिऱ्हाईक मारलेलं आहे. खरं आहे. ईस्ट इंडिया कंपनीला १७६५ साली बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करायचा हक्क, मिळाली आणि १७७०च्या दुष्काळात तिची कर भरणारी रयत लाखोंनी मेली, तरी वसुलीचा तगादा सुटला नाही. परिणाम काय झाला? १७७२ साली हीच कंपनी ब्रिटिश सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी होती आणि १७७३च्या कायद्यानं सरकारनं तिच्या कारभारात हात घातला. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी कापली म्हणायचं. पण कापली कुणी? लंडनच्या भागधारकांना लाभांश वाढवून हवा होता. कलकत्त्यातल्या नोकरांचा स्वतःचा खासगी व्यापार होता आणि दोन पैसे गाठीला बांधून मायदेशी परतायची घाई होती. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर चाललं होतं. नुकसान ज्या "कंपनी"चं होत होतं, ती खुर्चीत बसलेली कुणी व्यक्तीच नव्हती. हे एकदा डोक्यात बसलं की दुसरी पायरी सोपी जाते.

पायरी २: संस्थेची माणसं करा

"कंपनीनं ठरवलं" आणि "सरकारला हवं होतं" ही दोन वाक्यं मसुद्यात जिथे जिथे असतील तिथे पेन्सिलीनं गोल करा. प्रत्येक गोलाच्या जागी एक खुर्ची लिहायची. त्या खुर्चीवर कोण बसतं, त्याची बढती कशावर ठरते, तो कुणाला घाबरतो आणि आज संध्याकाळी त्याला घरी किती वाजता पोचायचं आहे. शेवटचा मुद्दा गमतीनं लिहिलेला नाही. शनिवारी संध्याकाळी लवकर निघायच्या घाईत झालेल्या सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

यासाठी अभ्यासायचं उदाहरण भोपाळचं. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकीत पाणी शिरलं, तिच्यातलं मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन तापलं आणि सुमारे चाळीस टन वायू शहरावर पसरला. हजारो माणसं गेली. त्या रात्रीआधी काय काय झालं होतं, ते लेखकानं नीट वाचावं. कीटकनाशकाचा खप पडला होता, कारखाना तोट्यात होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन काढणारं यंत्र एवढा लोंढा पेलेल अशा क्षमतेचं नव्हतं. पाण्याचे फवारे वायू जिथून सुटत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. देखभालीची माणसं कमी केली होती. १९८२ साली कंपनीच्याच तपासणी पथकानं त्रुटी लिहून दिल्या होत्या आणि राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार त्याच सुमारापासून वर्तमानपत्रांतून धोक्याची घंटा वाजवत होते.

यात लाल बटण कुठेच नाही. खर्च वाचवा म्हणणारा एक, त्याप्रमाणे शीतयंत्र बंद करणारा दुसरा, दुरुस्ती पुढे ढकलणारा तिसरा आणि अहवाल वाचून फाइलला लावणारा चौथा. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही कुणी तरी आकडेमोड करूनच. कादंबरीकारानं काचेच्या केबिनमधला हसरा मालक लिहिला असता तर वाचकाला सुटका मिळाली असती, कारण एक माणूस मेला की प्रश्न मिटतो. इथे तो मिटत नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर रासायनिक सांडपाण्याच्या टँकरचं घ्या. जानेवारी २०२२मध्ये सुरतजवळच्या सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनामुळे वायू तयार झाला आणि सहा कामगार गेले. अशा व्यवहारात किती हात असू शकतात, ते कथेसाठी मांडून बघा. माल तयार करणारा, विल्हेवाटीचा ठेका घेणारा, तो ठेका निम्म्या पैशांत पुढे देणारा, टँकरवाला, चालक. प्रक्रिया करायला पैसे लागतात, नाल्याला लागत नाहीत, आणि मधला फरक वाटून घेतला जातो. चालकाला आत काय आहे हे माहीतही नसेल. आमच्या नमुना कथेतल्या "दुष्ट कंपनी"ला अशी साखळी द्या आणि प्रत्येक कडीला एक खरं कारण द्या. चालकाच्या मुलीची फी भरायची आहे, एवढं कारणसुद्धा चालेल.

पायरी ३: "सरकार" म्हणजे कुठलं, ते ठरवा

नव्या लेखकांचं सरकार एका दगडातून कोरलेलं असतं. वरून हुकूम सुटला की तलाठ्यापर्यंत सगळे एका सुरात हलतात. ज्यानं एकदा तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलून घेतलं आहे त्याला हे पटणार नाही.

बडोद्यात बसून लिहिणाऱ्याला दूर जायची गरजच नाही. १८७४च्या नोव्हेंबरात इथले रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिश प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात गाळ सापडला. तपासणीत सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड निघाली. संशय महाराज मल्हारराव गायकवाडांवर. कुठल्याही कथेत पुढचं वाक्य असतं की साम्राज्यानं राजाला रातोरात हटवलं. प्रत्यक्षात साम्राज्यानं चौकशी आयोग नेमला. सहा सभासद, तीन इंग्रज, तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांनी आपल्या बचावासाठी खुद्द इंग्लंडहून बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आणवले. आयोगाचं मत तीन विरुद्ध तीन असं फाटलं. इंग्रजांना गुन्हा सिद्ध वाटला, हिंदी सभासदांना वाटला नाही.

आता सरकारचं डोकं कसं चालतं ते बघा. एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण विषप्रयोगासाठी नाही. कारण दाखवलं गैरकारभाराचं. गैरकारभार होताही, त्यामुळे कारण खोटं म्हणता येत नाही. वासाहतिक सत्तेनं आयोग नेमून न्यायाचा देखावा सांभाळला, निकाल मनासारखा आला नाही तेव्हा दुसऱ्या दारानं तेच काम केलं, आणि ते दारही कायदेशीर होतं. मग कवळाण्याहून आणलेल्या मुलाला दत्तक देऊन गादीवर बसवलं, तेच सयाजीराव. साम्राज्यानं सोय बघून केलेली ही नेमणूक पुढे साम्राज्यालाच किती जड गेली, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसरं उदाहरण आणीबाणीचं. जून १९७५पासून देशभर एकच आणीबाणी, पण गुजरातेत तेव्हा बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चाचं सरकार होतं, ते मार्च १९७६पर्यंत टिकलं. तोवर दिल्लीत जे चालत होतं ते सगळं इथे तसंच चालत नव्हतं. भूमिगत कार्यकर्ते गुजरातेत आसरा घेत. पुढे जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवर जो खटला भरला गेला त्याचं नावच बडोदा डायनामाइट खटला. १९७७ साली सरकार बदललं आणि तो मागे घेतला गेला. आरोपी मंत्री झाला.

म्हणून तुमच्या कथेतल्या हुकूमशाहीत निदान दोन खाती एकमेकांवर खार खाऊन असू द्यात. नमुना कथेत पाणीपुरवठा खात्याला कंपनी नकोशी असेल, कारण कंत्राट गेल्यामुळे खात्याची माणसं रिकामी बसली आहेत. नगरविकास खात्याला कंपनी हवीशी असेल, कारण उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव येणार आहे. नायकाला आत शिरायला ही फट पुरते. गुप्त बोगदा खणायची गरज उरत नाही.

पायरी ४: जुलमाला माणसं किती लागतील ते मोजा

प्रत्येक नागरिकावर चोवीस तास पाळत ठेवणारं सरकार लिहायला एक ओळ लागते. चालवायला काय लागतं? पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९ साली सुमारे ९१,००० पगारी माणसं होती, लोकसंख्या होती एक कोटी साठ लाखांच्या आसपास. म्हणजे दर पावणेदोनशे माणसांमागे एक. शिवाय दीड लाखाच्या वर खबरे. त्याच मापानं एकट्या बडोद्याला साडेनऊ हजार पगारी हेर लागतील. त्यांना क्वार्टर्स, पेन्शन, दिवाळीचा बोनस. त्यांची युनियन होऊ नये म्हणून त्यांच्यावर पाळत ठेवणारे आणखी काही. स्टासीच्या कागदपत्रांचे गठ्ठे एका ओळीत लावले तर शंभर किलोमीटरच्या वर भरतात, आणि एवढं जमवूनही नोव्हेंबर १९८९मध्ये बर्लिनची भिंत पडली ती पडलीच.

"आता संगणक आहे की" हे उत्तर येतं. संगणक साठवतो, शोधतोही. पण यंत्रानं काढलेल्या दहा हजार संशयितांच्या यादीतून उद्या कुणाचं दार ठोठवायचं, ते कोण ठरवणार? त्या खुर्चीवरचा माणूस लिहा. चुकीचा सोडला तर नोकरी जाते आणि निरपराध उचलला तर काहीच होत नाही, असं ज्याचं गणित आहे, तो काय करेल ते वाचकाला सांगावंही लागणार नाही.

वेड्या सरकारी योजनांचा माझा आवडता नमुना मात्र मिठाच्या कुंपणाचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठाची चोरटी वाहतूक अडवायला सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत जकातीची रेषा आखली आणि तिच्या बऱ्याच भागावर चक्क जिवंत कुंपण वाढवलं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. राखणीला बारा हजारांवर माणसं. या कुंपणाची जोमानं जोपासना करणारा अधिकारी कोण, तर ॲलन ह्यूम, जे पुढे काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक झाले! हे कुणी कथेत लिहिलं असतं तर मीच काट मारली असती.

पण कारण बघा. वेगवेगळ्या प्रांतांत आणि संस्थानांत मिठावरचा कर वेगळा होता, म्हणून मीठ स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे झिरपत होतं. कुंपण हे त्या फरकावरचं उत्तर होतं. १८७९ साली ते मोडलं, तेही दया आली म्हणून नव्हे. तोवर सरकारनं सांभर तलावासारखी मिठाची उगमस्थानं भाड्यानं ताब्यात घेतली होती आणि दर सारखे करत आणले होते, त्यामुळे कर जागेवरच वसूल होऊ लागला. जुलूम संपला नाही, स्वस्त झाला. तुमचं खलनायक सरकार कथेत हुशार होत जाणार असेल, तर या वळणाचा जरूर विचार करा.

पायरी ५: वाईट बातमी वर पोचू देऊ नका

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त कथानक हिच्यातून निघतं. १९०२ साली हनोईच्या फ्रेंच सरकारनं उंदरांवर बक्षीस लावलं, पुरावा म्हणून शेपूट आणून द्यायची. शेपट्यांचे ढीग पडले आणि शहरात बिनशेपटाचे उंदीर हिंडताना दिसू लागले. शेपूट तोडून उंदीर सोडून दिला की पिल्लं होतात, पुन्हा शेपट्या. चीननं १९५८ साली धान्य खातात म्हणून चिमण्या मारण्याची मोहीम काढली, किडे वाढले, तरी खालून वर जाणारे पिकाचे आकडे फुगतच राहिले, कारण कमी आकडा कळवणाऱ्याची खैर नव्हती.

तुमच्या सर्वज्ञ खलनायकाला असंच आंधळं करा. त्याच्या टेबलावर येणारा प्रत्येक आकडा कुणी तरी आपली कातडी वाचवायला गोल केलेला असतो. मग त्याचे चुकीचे निर्णय मूर्खपणाचे वाटत नाहीत.

पायरी ६: गुपित कसं राखलं जातं ते समजून घ्या

पाच हजार नोकरांची कंपनी आणि एकालाही काही माहीत नाही, हे चालणार नाही. बडोद्यात कुठल्या खात्यात कुणाची बदली होणार हे सेवउसळीच्या लारीवर आधी कळतं. खऱ्या कंपन्यांनी मोठी गुपितं दोन प्रकारे सांभाळली. एक, गुपित नियमांत बसवून टाकायचं. १९२०च्या दशकात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपसांत करार केला की बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं, जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्याला दंड. यात अभियंत्याला पापाची जाणीव होण्याचं कारण नाही, त्याच्यासाठी ते एक मापदंडाचं पत्रक होतं. दुसरा प्रकार, गुपित उघडं पडू द्यायचं आणि त्यावर वाद पेटवायचा. अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी १९५४पासून हेच केलं. सिगारेट निर्दोष आहे हे सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता "अजून नक्की कुठे झालंय" एवढंच म्हणत राहिले, आणि त्यावर त्यांचं कित्येक वर्षं निभावलं. तिथल्या राज्यांशी झालेल्या १९९८च्या तडजोडीनंतर त्यांचे अंतर्गत कागद लाखोंनी लोकांसमोर आले. म्हणजे कागद होते. कुणी तरी ते नीट फाइल करून ठेवले होते.

तेव्हा कथेत गुप्त तळघर नको, एक जास्तीची फाइल असू द्या.

पायरी ७: भाषण काढा, पत्र घाला

खलनायकाचं दीड पानी भाषण ही या प्रकारातली सगळ्यात जुनी व्याधी. नायकाला खुर्चीला बांधून आपली योजना समजावून सांगणारा माणूस कुठल्याही कंपनीत चीफ क्लार्कसुद्धा होणार नाही. भाषण खोडा आणि तेच काम कार्यालयीन कागदाकडून करून घ्या. नमुना कथेचा पहिला मसुदा असा:

"बंद करा क्लोरीन! प्यायला द्या त्यांना घाण!" मालक गरजला.

दुसरा मसुदा:

*विषय: क्लोरीनेटर क्र. २च्या दुरुस्तीबाबत.*
*चालू तिमाहीत सदर दुरुस्तीसाठी तरतूद उपलब्ध नाही. क्लोरीनेटर क्र. १ कार्यरत असल्याने पुरवठ्यावर परिणाम होणार नाही असे दिसते. सबब प्रस्ताव पुढील तिमाहीत विचारार्थ घ्यावा. दरम्यान नमुना तपासणी दिवसातून तीनऐवजी एकदा करण्यास हरकत नसावी.*

पत्रात कुणीही कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र बिघडलेलं असताना तपासणी वाढवायची की कमी करायची? ती कमी करायला लिहिणाऱ्याला पुढे काय दिसणार आहे याची कल्पना आहे, आणि ते कागदावर येऊ नये अशी त्याची इच्छा आहे. वाचकाला हे आपणहून कळलं की अंगावर जो काटा येतो तो गरजणाऱ्या मालकाला बघून येत नाही. पत्राखाली प्रती कुणाकुणाला गेल्या तेही लिहा. ज्याला मुद्दाम प्रत पाठवली नाही, तो पुढच्या प्रकरणात कामाला येतो.

पायरी ८: नायकाला त्याच यंत्रणेतलं हत्यार द्या

आता शेवट. सर्व्हर उडवून काही होत नाही, त्याची नक्कल दुसऱ्या शहरात ठेवलेली असते आणि विम्याचे पैसे मिळतात ते वेगळेच. संस्था ज्या कारणांनी चालते त्याच कारणांनी ती अडते. सही अडली की बिल अडतं.

नमुना कथेत मी नायक बदलून प्रयोगशाळेतल्या मीनलबेनना पुढे आणीन. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा असं भारतीय मानक सांगतं. त्यांच्या नळीतला रंग सांगतोय, ०.०५. रजिस्टर समोर उघडं आहे. मागच्या आठवडाभराच्या रकान्यात सगळीकडे एकाच हातानं ०.२ लिहिलेलं, रोज, एका दशांशाचाही फरक नाही. देशपांडेसाहेब दारातूनच म्हणतात, "मीनलबेन, आजचं तेवढं गोल करून टाका ना, ऑडिट आहे." साहेब वाईट नाहीत. मागच्या वर्षी मीनलबेनच्या वडिलांना दवाखान्यात न्यायला त्यांनीच गाडी दिली होती. मीनलबेन "हो साहेब" म्हणतात आणि शाईच्या पेननं ०.०५ लिहितात, वेळ टाकतात, सही करतात. पान क्रमांक घातलेलं रजिस्टर आहे, फाडता येत नाही.

इथून पुढे कथा आपली आपण चालते. ऑडिटवाल्याला तो आकडा दिसला तर त्याला लिहावं लागेल. त्यानं लिहिलं तर पाणीपुरवठा खात्याला हवंच होतं ते मिळेल. नगरविकासवाले कोनशिला वाचवायला धावतील. देशपांडेसाहेबांची बदली होईल, मीनलबेनची त्याआधी. कंपनी बुडेलच असं नाही. दंड भरून नवीन नावानं निविदाही भरेल. कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा, पण सगळ्यांना एका स्फोटात मारून मोकळं होऊ नका.

काही सूट

विडंबनात, लोकनाट्यात, मुलांच्या गोष्टीत यातलं काहीही पाळायची गरज नाही. अंधेर नगरीत चौपट राजाच हवा, त्याचं अंदाजपत्रक कुणी मागत नाही. अडचण होते ती अर्धी कथा गंभीर चेहऱ्यानं चाललेली असताना मधूनच राजा चौपट झाला की. कुठल्या जातीची कथा लिहितोय ते पहिल्या दोन पानांत वाचकाला कळू द्या आणि मग त्या जातीला जागा.

आणि अभ्यास केला तो सगळाच छापू नका. चोवीसशे टेम्पोंचा हिशेब तुमच्या वहीत राहावा. कथेत पहाटे चारला गल्लीत उभ्या असलेल्या एका टेम्पोचा चालक जार उतरवताना कंबर धरून थांबला, एवढं पुरेल.

पाठवण्याआधी

मसुदा लेखक मित्राला दाखवू नका, तो उपमांवर बोलेल. निवृत्त अकाउंटंट, तलाठी, स्टोअरकीपर किंवा बँकेतला माणूस गाठा. दुपारी कमाटी बागेत असे पुष्कळ भेटतात आणि त्यांना वेळही असतो. कथा वाचून दाखवा, मत विचारू नका. ते जिथे थांबवून "हे बिल कुणाच्या नावावर फाडलं?" किंवा "याला मंजुरी कुणी दिली?" असं विचारतील, तिथे समासात खूण करा. उत्तर तोंडी देऊ नका, घरी येऊन मसुद्यात लिहा. आणि ज्या प्रसंगाला ते काहीच न विचारता "आमच्याकडे पण एक असाच होता" म्हणून सुरू होतील, त्या प्रसंगाला हात लावू नका. फक्त त्यांनी सांगितलेल्या माणसाचं नाव, गाव आणि खातं बदलून घ्या.